हानले: गाडी ठरवण्याआधी पंचांग उघडा

गणपतीच्या सुट्ट्या जोडून, तारे बघायला लडाखमधल्या हानलेचा बेत करत असाल, तर तारीख बदला. आम्ही नेमके गौरी विसर्जनाच्या दिवशी पोचलो. गौरींचं विसर्जन मूळ नक्षत्रावर होतं, म्हणजे त्या रात्री चंद्र मूळ नक्षत्रात असतो. आकाशगंगेचा केंद्रभागही तिथंच आहे! ज्याच्यासाठी लेहहून अडीचशेहून जास्त किलोमीटर आलो, त्याच्यावरच अर्ध्याहून मोठा चंद्र येऊन बसला होता. साडेअकराच्या सुमारास तो डोंगराआड गेला, पण केंद्रभागही त्याच्याबरोबरच मावळला. सहल ठरवून देणाऱ्यानं मात्र 'आकाशगंगा नक्की' असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्याच माणसानं 'रात्री वेधशाळेत प्रवेश' म्हणून माणशी साडेतीन हजार वेगळे घेतले. हे पैसे कुणालाही देऊ नका. फाटकावरच्या माणसानं शांतपणे सांगितलं, पाहुण्यांनी दिवसा यायचं. बरोबरच आहे त्याचं. तिथल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचा (हे नाव शास्त्रज्ञ चंद्रशेखरांवरून) आरसा दोन मीटरचा आहे, पण तिला डोळा लावायची सोयच नाही. प्रकाश जातो कॅमेऱ्यात आणि वर्णपटमापकात, आणि दुर्बीण चालवतात बंगळूरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत. रात्री आपण तिथं काय करणार? वर जाऊन एक दिवा लावला तरी कुणाचं तरी निरीक्षण नासेल.

दिवसा मात्र जाच. घुमट ४,५०० मीटरवर आहे, चढ सावकाश चढा. माझा जीव जडला तो 'मेस' (MACE) या गॅमा किरणांच्या दुर्बिणीवर. २१ मीटरची उघडी तबकडी, सगळी आरशांनी मढवलेली. गॅमा किरण वातावरणात शिरले की निळसर प्रकाशाची क्षणिक चमक उठते, काही अब्जांश सेकंदांची. ती ही दुर्बीण टिपते. २०२४ च्या ऑक्टोबरात तिचं उद्घाटन झालं. अर्धा तास मी नुसता बघत उभा होतो.

ज्यांना डोळ्यांनी ग्रह-तारे बघायचेत त्यांनी गावातल्या प्रशिक्षित 'खगोलदूतां'ना गाठावं. ते तिथलेच रहिवासी आहेत, स्वतःच्या दुर्बिणीतून दाखवतात आणि उत्तम समजावतात. साडेतीन हजारांतले थोडे पैसे त्यांच्या हाती पडले असते तर मला समाधान वाटलं असतं.

विरळ हवेची सवय व्हायला लेहमध्ये किमान तीन रात्री काढा. आमच्यातल्या एकानं घाई केली आणि हानलेची रात्र डोकं धरून, उलट्या करत घालवली. पहिल्याच दिवशी उमलिंग ला करून टाकू असं चालक म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा, ती खिंड ५,७९८ मीटरवर आहे.

अंधार पडायच्या आत गावात पोचा. २०२२ पासून हा परिसर गडद आकाशाचं राखीव क्षेत्र आहे, हेडलाइटचा प्रखर झोत चालत नाही आणि खोलीचे पडदे घट्ट ओढून घ्यावे लागतात. टॉर्चवर लाल कागद लावा. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, रोख रक्कम जवळ ठेवा.

तारखेचं सांगायचं तर पोळ्याची किंवा सर्वपित्री अमावास्या धरा. पोळ्याला केंद्रभाग अंधार पडल्यावर बराच वेळ टिकतो, सर्वपित्रीला लवकर मावळतो, तेव्हा जेवण नंतर करा. आणि एक रात्र ठेवू नका, दोन ठेवा.

चंद्र गेल्यावर आम्ही झोपलो नाही. एक वाजता देवयानी दीर्घिका थेट डोक्यावर होती, नुसत्या डोळ्यांना लांबट दिसणारी. पाठोपाठ कृत्तिका वर चढल्या, मग मृग. पहाटे चारच्या सुमारास पूर्वेला क्षितिजावरून तिरका वर गेलेला फिकट उजेडाचा सुळका दिसला. मला आधी वाटलं उजाडतंय. ते उजाडणं नव्हतं, ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर पडलेला सूर्यप्रकाश होता. शहरात हे कधीच दिसलं नव्हतं. बोटं बधिर झाली होती, तरी खोलीत जायला कुणी तयार नव्हतं.