जॉर्ज सहाव्याचे रुपये: कमळाखालचं टिंब आणि त्याचे तोतये

१९३८ ते १९४५ च्या रुपयांची छाननी आता टांकसाळ चिन्हापर्यंत, म्हणजे नाणं कुठे पाडलं ते सांगणाऱ्या खुणेपर्यंत, आली आहे. साल आणि वजनाप्रमाणे ढीग आधीच लावलेले आहेत. या टप्प्यात पाहायचं ते एवढंच: किमतीच्या बाजूचं तळाचं कमळ आणि त्याखालची जागा. मुंबईचं उठावाचं टिंब तिथे असतं. १९४४ आणि १९४५ च्या लाहोरच्या रुपयांवर ‘एल’. ‘एल’ची आडवी रेघ झिजली की उरलेला तुकडा टिंबासारखा भासतो, म्हणून ही दोन सालं २० पट भिंगाखाली पाहिलेली बरी. बाकीच्यांना १० पट पुरतं.

सगळ्यात वेळखाऊ साल १९३८. टिंब असलेले आणि नसलेले असे दोन्ही रुपये या साली आहेत, त्यामुळे टिंब दिसलं नाही म्हणून पाकिटावर ‘टिंबाविना’ लिहून मोकळं होता येत नाही. दिवा एकच ठेवा, नाण्याच्या पातळीला जवळजवळ टेकलेला, आणि नाणं हळूहळू फिरवा. डायमध्ये (नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या साच्यात) मुळातच टिंब नसेल तर तिथला पृष्ठभाग आजूबाजूसारखाच सपाट दिसतो. टिंब ही डायमधली बारीक खळगी. तीत वंगण आणि धातूची भुकटी साचली तर नाण्यावर बुटका, कडा नसलेला फुगवटा उमटतो, आणि शेजारच्या पाकळ्याही बऱ्याचदा अर्धवट असतात. निव्वळ झीज असेल तर कमळासह बाकीचे उंच भागही तितकेच बसलेले दिसतात. पाकळ्या ठसठशीत पण टिंब गायब, आणि तिथे एकाच दिशेचे ओरखडे किंवा किंचित खोलगट जागा, असं असेल तर टिंब कोणीतरी खरवडलं आहे. असे रुपये आम्ही ‘खराब’ म्हणून वेगळे काढतो, मग बाकी नाणं कितीही देखणं असो.

उलट प्रकारही आढळतो. टिंब असावं तिथे ठिणगीएवढा वेडावाकडा उंचवटा असतो. तो डायचा कपचा उडाल्याने येतो. खरं टिंब गोल आणि कमळाच्या मध्यरेषेवर असतं. एक सोपा नियम: डायचा दोष नाण्यावर उठून दिसतो, बाहेरचा मार नाण्यात खोल जातो आणि कडेला धातूची बारीक वळी उभी करतो. अक्षरांतून जाणारी उठावाची रेघ म्हणजे डायची चीर. खोल रेघ म्हणजे ओरखडा. तो ‘दुर्मीळ दोष’ म्हणून विकत घेऊ नका.

महाराष्ट्रात जुने रुपये दागिन्यांत पुष्कळ गेले, म्हणून कड पूर्ण फिरवून पाहायचीच. राजाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला कडेचे दाते बुजलेले आणि रंग किंचित वेगळा असेल तर कडी काढून तिथला टाका घासलेला आहे. बुजवलेलं भोक भिंगातून गोल रेषेने उघडं पडतं. सराफाने पारखताना मारलेले छोटे ठसे हेही नुकसानच, पण त्यांना स्वतःचा इतिहास आहे; ते घासून काढू नयेत.

१९३९ चं पाकीट अजून रिकामं आहे आणि घाईने भरणारही नाही. या सालाच्या नकला पुष्कळ. १९३८ च्या ८ ची खालची डावी बाजू कापून ९ केलेला असतो. आकड्याचं शेपूट तुटक आणि भोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, खरवडलेली दिसते. ओतीव नकलेत अक्षरं मऊ, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं आणि कडेवर जोडाची रेघ असते. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा, साध्या दात्यांच्या कडेचा. १९४० पासूनच्या ५० टक्के चांदीच्या रुपयांचं वजनही तेच, पण त्यांच्या कडेत मधोमध सुरक्षा खाच आहे.

घनतेची चाचणी अशी: ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. ९१.७ टक्के चांदीत काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो, ५० टक्क्यांत सुमारे १.२२. या चाचणीत कापलेला ८ मात्र पकडला जात नाही, कारण धातू तोच असतो. तिथे भिंगच हवं.

काही नाण्यांवर हिरवट चिकटा आहे. हा तांब्याचा गंज नव्हे, मऊ पीव्हीसीच्या अल्बमचा परिणाम. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या, नाणं दहा मिनिटं बुडवा, ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये खळबळा आणि न पुसता वाळवा. खिडकी उघडी, ज्योत लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. चिंच, राख, टूथपेस्ट तर नकोच: चांदी चमकते, पण केसासारखे ओरखडे कायमचे राहतात आणि टिंबाभोवतीची मूळ जमीन, जिच्यावर सगळा निवाडा अवलंबून आहे, तीच पुसली जाते.

पुढचा ढीग प्रजासत्ताकाच्या नाण्यांचा. तिथे सालाखाली मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब. कोलकात्याचं चिन्ह नाही. झिजलेला हिरा टिंबासारखा दिसतो, पण नोएडाची नाणी १९८८ पासूनची, म्हणजे त्याआधीच्या सालाखालचं ‘टिंब’ नोएडाचं असूच शकत नाही. १९८५ च्या एक रुपयावरचं ‘एच’ बर्मिंगहॅमचं. त्याला हैदराबाद समजून चुकीच्या पाकिटात टाकू नका.