जुन्या डोलकाठीवरचं रिगिंग उलगडताना

तीसेक फुटांची, 1960च्या दशकात बांधलेली शिडाची होडी माझ्याकडे आली, पण तिच्यासोबत ना आकृती होती ना माहितीपुस्तिका. मी शिकलो ते अलीकडच्या होड्यांवर. त्यामुळे डोलकाठीवरच्या रिगिंगमधल्या, म्हणजे तारा-दोरांच्या रचनेतल्या, निम्म्या गोष्टी मला अनोळखी होत्या. अशा वेळी ‘हे जुनं, काढून टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. मला तो पटत नाही. जी तार कशासाठी आहे हेच माहीत नाही, ती काढणं धोक्याचं.

सुरुवात केली ती डोलकाठी कशाच्या आधाराने उभी आहे इथपासून. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांपैकी पुढचा फोरस्टे, मागचा बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंचे श्राउड ओळखता आले. उरल्या दोन तारा. डोलकाठीच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवरून त्या निघत होत्या. खालच्या टोकांना कप्प्या होत्या आणि दोन्ही श्राउडला नुसत्या बांधून ठेवलेल्या होत्या. इथे तारेची वीण कामी आली. कायम ताणात राहणारी तार बहुधा 1×19 विणीची असते, ताठ आणि कमी ताणली जाणारी. या दोन 7×19 विणीच्या होत्या, म्हणजे बारीक तारांच्या आणि लवचीक. अर्थात त्या सतत हलवल्या जात असणार. त्याच उंचीवर डोलकाठीच्या पुढच्या अंगाला एक रिकामी कडी दिसली आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, थोडं मागे डेकवर एक भक्कम रिकामी प्लेट. तेव्हा उलगडलं: जोराच्या वाऱ्यात लहान शीड लावायला तिथे काढता-घालता येणारा आतला स्टे, म्हणजे आधाराची तार, असणार. तो डोलकाठीला मध्येच पुढे ओढणार आणि मागून तिला सावरणार त्या दोन तारा, म्हणजे रनिंग बॅकस्टे. वाऱ्याकडच्या बाजूचा कसायचा, दुसरा ढिला सोडायचा, नाहीतर बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, त्याच्यावर आदळेल.

बूमने मला जास्त छळलं. तिच्या पुढच्या टोकाशी दात्यांची पेटी आणि हँडल घालायचं भोक. शीट, म्हणजे बूम आत-बाहेर करायचा दोर, मधोमध नाही, अगदी मागच्या टोकाला, तीही फिरत्या कडीवर. बूमच्या पोटाला काहीही जोडलेलं नाही. शिडाला रीफचे, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड लहान करून बांधायचे, दोर नाहीत. लॉकरमध्ये एक सी आकाराची धातूची कडी, आतून छोटे रोलर लावलेली. एकेकटी पाहिली तर यातली कुठलीच गोष्ट समजेना. हँडल फिरवलं आणि अख्खी बूम स्वतःभोवती फिरली, तेव्हा सगळं एकदम जुळलं. वारा वाढला की शीड चटईसारखं बूमवर गुंडाळायचं! मग बूमला मध्ये काही पक्कं जोडून चालणारच नाही, म्हणून शीट टोकाला. आणि वँग, म्हणजे बूम खाली ओढून धरणारा दोर, लावायचा झालाच तर त्या सी-कडीतून, कारण तिच्या आत गुंडाळलेलं शीड फिरू शकतं. ही रचना करणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटला. तरी दोष आहेतच: असं गुंडाळलेलं शीड नीट सपाट होत नाही, त्यात पोट राहतं आणि बूमचं टोक खाली येत जातं.

बॅकस्टेवरून लोंबणारा, टोकाला हूक असलेला वीतभर तारेचा तुकडा मग सहज कळला. या होडीला टॉपिंग लिफ्ट, म्हणजे बूमचं मागचं टोक वरून उचलून धरणारा दोर, नव्हतीच. शीड उतरवलं की बूम त्या हुकात अडकवायची. शीड चढवल्यावर हूक काढायचा मात्र विसरता कामा नये, कारण तशीच अडकलेली बूम बाजूला जाऊ शकत नाही आणि वाऱ्याचा झोत आला तर होडी आडवी होऊ शकते.

राहिला डोलकाठीवरचा ड्रमसारखा विंच, म्हणजे हँडलने दोर ओढायचं यंत्र. मुख्य शिडाचं हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) इथे संपूर्ण तारेचं आणि ते सगळं त्या ड्रमवर गुंडाळलं जातं, ब्रेकने थांबतं. हा रील विंच. गूजनेक, म्हणजे बूम डोलकाठीला जोडणारा सांधा, पट्टीवर वर-खाली का सरकतो, हेही यातच कळलं: शीड वर चढवून ब्रेक लावायचा आणि बारीक ताण बूम खाली ओढून द्यायचा. पण हँडल आत असताना ब्रेक सुटला तर ते गरगर फिरतं. अशा विंचने लोकांचे हात मोडले आहेत. ब्रेकला हात लावण्याआधी हँडल काढायचंच.

जुन्या तारेच्या भरवशावर वर चढायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. डोलकाठी क्रेनने उतरवल्यावर तारांवरून कापूस फिरवला. जिथे बारीक तार तुटली होती, तिथे तो अडकला. हॅलयार्ड दोराचं करायचं ठरवलं, पण वरच्या चाकांची खाच तारेसाठी अरुंद होती आणि कडा धारदार झाल्या होत्या. म्हणून चाकंही बदलली. रील विंचच्या जागी साधा विंच आला, बूम फिरू नये म्हणून पक्की केली आणि शिडाला रीफची भोकं करून घेतली. टॉपिंग लिफ्टही लावली.

रनर, म्हणजे ते रनिंग बॅकस्टे, ठेवले. तारा नव्या घातल्या, आतला स्टेही बनवून घेतला. टॅक घेताना, म्हणजे होडीचं तोंड वाऱ्यातून वळवून वारा दुसऱ्या बाजूला घेताना, बूम मध्यावर आली की नव्या बाजूचा रनर कसायचा आणि लगेच जुना सोडायचा, याचा सराव सध्या हलक्या वाऱ्यात चालू आहे.