चूलबंद आमंत्रण आणि नळाची मोटर

जळगावात एप्रिल लागला की घराच्या भिंती नावापुरत्या उरतात. दुपारभर दारं-खिडक्या लावून आत कोंडून घ्यायचं आणि ऊन कललं की अख्ख्या बिऱ्हाडानं ओट्यावर, गल्लीत, गच्चीवर यायचं, ही इथली रीत. पारा ४५ च्या पुढे सरकला की दुसरं काय करणार? त्यामुळे एका घरात भांडण झालं की निवाडा तीन गच्च्यांवर होतो. कुणी फोनचा स्पीकर लावून भाच्याशी बोललं, तर भाच्याच्या नोकरीचं काय झालं हे गल्लीतल्या प्रत्येकाला कळतं. याला मी त्रास म्हणत नाही, फुकटची करमणूक आहे ती. खरे त्रास वेगळे, आणि त्यात पहिला मान पाण्याच्या मोटरीचा.

वाघूर धरणाचं पाणी शहराला येतं, पण नळाला ते रोज येत नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही वेळेचा भरवसा नाही. "पानी उनं वं!" अशी कोपऱ्यावरच्या आक्कांची हाक आली की झोपलेली गल्ली उठते, पूजेला बसलेली उठते, जेवणारी तर ताटावरून उठते. हाकेपाठोपाठ घरोघरी टिल्लू मोटरी घरघरायला लागतात. नळाला थेट मोटर लावायला बंदी आहे हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तर प्रत्येकानं आपापली मोटर लपवली आहे. शेजारच्या भाऊंची मोटर केळीच्या पालथ्या क्रेटखाली असते. क्रेटवर ओलं पोतं आणि पोत्यावर साळसूदपणे वाळत घातलेल्या चपला. वायर मोरीच्या झरोक्यातून आत जाते आणि पिन मिक्सरच्या सॉकेटमध्ये, त्यामुळे पाणी आलं की वहिनींची चटणी अर्धवट राहते. भाऊंच्या घरी जाड्याभरड्या चटणीचं जेवण असलं की समजावं, आज टाकी भरली.

आमचं घर लाइनीच्या शेवटी. मोटरी सुरू झाल्या की आमच्या नळाची धार आधी करंगळीएवढी होते, मग नळ मांजरीसारखा फिसकारतो आणि मग उलटा हवा ओढायला लागतो. तोटीला तळहात लावला तर चिकटून बसतो. तेवढ्यात दोन हंडे झाले तर झाले.

आता गंमत बघा. संध्याकाळी हेच भाऊ पाइप घेऊन रस्त्यावर सडा मारतात. तापलेल्या डांबरातून आधी नुसती वाफ निघते, थोड्या वेळानं गारवा धरतो आणि मग घराघरांतून प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर येतात. सगळ्यांत आधी आमच्या आईची. "अगं, हे आपल्याच नळाचं पाणी आहे," असं मी म्हणून पाहिलं.

"मग तर बसायलाच पाह्यजे," आई म्हणाली, आणि खुर्ची आणखी पुढे सरकवली.

भाऊंशी भांडायचं तरी कसं? रात्री-बेरात्री दवाखान्यात जायची वेळ आली की गाडी त्यांचीच निघते. गल्लीतला उपद्रव अनोळखी माणसानं दिला असता तर फार सोपं झालं असतं. इथे उपद्रव देणारा आपल्या आईला आई म्हणतो, आणि आईही त्याच्या पोरांना कुरडयांचा चीक वाटीत भरून देते.

दुसरा मान कुलरचा. आमच्याकडे कुलर म्हणजे खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलेली पत्र्याची भली मोठी पेटी. त्याचा आवाज हा गौण भाग आहे, कान त्याला सरावतात. खरी भानगड अशी की कुलर तीन बाजूंनी बाहेरची हवा ओढतो आणि ती ओल्या गवतातून गार करून घरात सोडतो. बाहेर जे असेल ते आत. उन्हाळा म्हणजे वर्षाची मिरची कुटून घ्यायचे दिवस, आणि मिरची कांडपाचं यंत्र आमच्यापासून चौथ्या घरात. तिथे तिखट मिरचीचं पोतं उघडलं की इकडे आमच्या हॉलमध्ये गारेगार ठसका येतो. पाहुणे खोकत खोकत विचारतात, "काय फोडणी दिली, वहिनी?" घरात तर गॅसही पेटलेला नसतो. तसाच कडुनिंबाचा पाला. पानगळीत अंगण झाडून त्याचा ढीग गल्लीच्या तोंडाशी पेटवायचा आणि आपण आत जाऊन दार लावून घ्यायचं, ही काही जणांची स्वच्छतेची कल्पना. कचरा पेटवू नये, घंटागाडीत द्यावा, असं घंटागाडी रोज सकाळी गाणं लावून सांगते. पण ते गाणं आता इतकं पाठ झालंय की कुणाच्या कानात शिरत नाही. धूर मात्र कुलरमधून बरोबर शिरतो.

कुत्र्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांची बाजू मला पटते. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. म्हणजे आमच्या गल्लीतला 'काळ्या' कुत्रा कायद्यानंही आमच्याच गल्लीचा. रात्री तो ज्यांच्यावर भुंकतो त्यांत अर्धे लोक भुंकण्याच्याच लायकीचे असतात.

राहता राहिली लग्नसराई. मांडव घालायचा तर रस्त्यातच. मांडववाला पहार घेऊन डांबरात खड्डे पाडतो, बांबू रोवतो आणि लग्न आटोपलं की बांबू घेऊन जातो. खड्डे गल्लीला आहेर. आमच्या रस्त्यावरचे खड्डे दाखवून कुणाचं लग्न कुठल्या साली झालं हे मी सांगू शकतो. पण मांडवाचं दुखणं पायांपुरतं, हळदीच्या डीजेचं छातीपर्यंत. पहिला ठोका पडला की आमच्या मांडणीतल्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायला लागतात. आई मधे मधे फडकी घालून ठेवते. मग फडताळाची काच सुरू होते.

नियम आहेत आणि चांगले आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात १५ दिवसांहून जास्त नाही, आणि कुणाच्या बाळूची हळद त्या १५ दिवसांत धरलेली नसते. शिवाय सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंडविधानात तो दोनशेच होता. हजार रुपये! तेवढे तर नवरदेवाचा मामा एका गाण्यात डीजेवाल्यावरून ओवाळून टाकतो.

११२ लावता येतो. लावत कुणी नाही, कारण दोन दिवस आधी त्या घरचे आबा दारात येऊन चूलबंद आमंत्रण देऊन गेलेले असतात. आपल्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. हळदीच्या दिवशी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी कुस्करून वर तुपाची धार घेतल्यावर हात धुऊन पोलिसांना फोन लावणारा माणूस खान्देशात अजून जन्माला यायचाय. मीसुद्धा एकदा धीर करून आबांकडे गेलो होतो. मला काही बोलूच न देता त्यांनी माझा हात धरला, "एकच दिन शे, भाऊ," म्हणाले आणि पंगतीत बसवलं. भाजी उत्तम झाली होती. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री बायका पहाटेपर्यंत गाणी म्हणतात, तेव्हाही झोप होत नाहीच, पण तेव्हा ताटल्या आपल्या जागी गप्प असतात. मला वाटतं, फरक एवढाच करावा.

गेल्या उन्हाळ्यात या सगळ्यावर विचार करायला आमच्या गल्लीची बैठक झाली. अर्थात सडा मारलेल्या जागेवरच. डीजे आणि मांडवाचा विषय निघालाच नाही, कारण समोरच्या दोन घरांत पुढच्याच महिन्यात लग्नं होती. मोटरीचा निघाला. वीजखात्यातून निवृत्त झालेल्या नानांनी तोडगा काढला. पाणी सुटायच्या वेळेला गल्लीची लाइट तासभर बंद ठेवायची. काही गावांत करतात असं. लाइट नाही तर मोटर नाही, मोटर नाही तर शेवटच्या घरालाही सारखं पाणी.

सगळ्यांना पटलं. भाऊंनासुद्धा. अर्ज लिहायला कागद आला, नानांनी चष्मा चढवला, "मा. साहेब" एवढं लिहूनही झालं. सह्या घ्यायच्या तेवढ्यात आक्कांनी खुर्चीतूनच विचारलं, "अन् पानी दुपारी उनं म्हंजे? कुलर कशावर चालवशात?"

नानांनी कागदाची घडी घातली आणि तिनंच वारा घ्यायला लागले.