समोर बसून ऐकणारा दिग्दर्शक

रिओ दि जानेरोला येऊन मला चार वर्षे झाली. पहिल्या सहा महिन्यांत भाषावर्गात पोर्तुगीज व्याकरण बऱ्यापैकी पाठ झाले होते, परंतु कोपाकबानातील आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कोणी दोन वाक्ये बोलले तरी त्यांतले निम्मेही कळत नसे. आमच्याच मजल्यावर एक निवृत्त ग्रंथपाल बाई राहतात. माझी अडचण त्यांच्या लक्षात आली आणि एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावून एक चित्रपट लावला. “ही इमारत इथून चालत दहा मिनिटांवर आहे,” त्या म्हणाल्या, “आणि यात सगळे तुमच्या शेजाऱ्यांसारखेच बोलतात.” ब्राझीलचे माहितीपट-दिग्दर्शक एदुआर्दो कोचिन्यो यांच्या चित्रपटांशी माझी ओळख अशी झाली. त्यानंतर त्यांचे मिळतील तेवढे चित्रपट मी वही-पेन घेऊन, थांबवत थांबवत पाहिले. आज मला जी पोर्तुगीज येते, तिचा मोठा भाग मी त्यांच्या चित्रपटांतील माणसांकडून शिकले आहे.

तो चित्रपट होता २००२ सालचा ‘एदिफिसियो मास्तेर’. समुद्रकिनाऱ्यापासून एका गल्लीच्या अंतरावर बारा मजल्यांची एक इमारत आहे. तिच्या प्रत्येक मजल्यावर तेवीस खोल्या, म्हणजे एकूण २७६ एकखोली घरे असून त्यांत सुमारे पाचशे माणसे राहतात. कोचिन्यो यांच्या चमूने याच इमारतीत एक घर महिनाभर भाड्याने घेतले. सहकारी आधी घरोघरी जाऊन बोलून आले, मात्र स्वतः कोचिन्यो त्या माणसांना चित्रीकरणाच्या दिवसापर्यंत भेटले नाहीत. पहिल्या भेटीतला ताजेपणा कॅमेऱ्यासमोरच घडावा, यासाठी त्यांनी ही शिस्त कायम पाळली. आठवडाभराच्या चित्रीकरणातून सदतीस रहिवासी चित्रपटात आले. उमेदीची वर्षे अमेरिकेत काढून आलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या खोलीत फ्रँक सिनात्राची ध्वनिमुद्रिका मोठ्या आवाजात लावतात आणि डोळे भरून आलेले असताना तिच्याबरोबर गातात. एक तरुणी बोलताना समोरच्याच्या नजरेला नजर देऊ शकत नाही, आणि आपण तसे का करू शकत नाही हेही तीच समजावून सांगते. कोचिन्यो पडद्यावर क्वचितच दिसतात. सिगारेटने घोगरा झालेला त्यांचा आवाज मधूनच एखादा लहानसा प्रश्न विचारतो आणि मग थांबतो. त्या थांबण्यात समोरचा माणूस पुढचे वाक्य स्वतः शोधतो. मला भाषा शिकायला ते थांबणे फार उपयोगी पडले, कारण माणसे शब्द कुठून काढतात ते तिथे दिसत असे.

चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही आणि निवेदकाचे भाष्यही नाही. आरंभीच इमारतीच्या पहारा-कॅमेऱ्यातून चित्रीकरणाचा चमू आत येताना दिसतो, त्यामुळे समोर घडणारी भेट ही ठरवून घडवलेली भेट आहे हे प्रेक्षकापासून लपवले जात नाही. ही पद्धत त्यांना वयाच्या साठीनंतर पूर्णपणे गवसली. तिच्यामागे एका अर्धवट राहिलेल्या चित्रपटाची वीस वर्षांची कहाणी आहे आणि ती सविस्तर सांगितल्याशिवाय त्यांची कारकीर्द कळत नाही.

कोचिन्यो यांचा जन्म १९३३ मध्ये साओ पावलो येथे झाला. कायद्याचे शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले आणि काही काळ एका नियतकालिकात मुद्रितशोधन केले. १९५७ मध्ये दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत चार्ली चॅप्लिनविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देऊन त्यांनी बक्षीस जिंकले आणि त्या पैशांवर ते युरोपला गेले. पॅरिसच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेत शिकून ते परतले, तेव्हा ब्राझीलमध्ये विद्यार्थी, कवी आणि नाटककार लोकसंस्कृतीच्या केंद्रांतून खेडोपाडी जात होते. कोचिन्योही अशाच एका दौऱ्याबरोबर ईशान्येकडील पाराईबा राज्यात पोहोचले. तिथल्या सापे या गावी शेतकऱ्यांच्या संघटनेचा नेता जुआंव पेद्रो तेशेरा याची २ एप्रिल १९६२ रोजी घरी परतताना वाटेत दबा धरून गोळ्या घालून हत्या झाली होती. निषेधसभेत त्याची विधवा पत्नी एलिझाबेथ मुलांसह उभी होती. कोचिन्यो यांनी ते दृश्य टिपले आणि जुआंव पेद्रोच्या जीवनावर कथापट करण्याचे ठरवले. त्यात एलिझाबेथ स्वतःचीच भूमिका करणार होती.

चित्रपटाचे नाव ‘काब्रा मार्कादो पारा मोहेर’ असे ठरले. ‘काब्रा’ म्हणजे शब्दशः शेळी, परंतु ईशान्येकडच्या बोलीत हा शब्द कष्टकरी पुरुषासाठी वापरतात. आपल्याकडच्या ‘गडी’ या शब्दाचा वास त्याला आहे. ‘मरण नेमून दिलेला गडी’ असा अर्थ मी माझ्या वहीत लिहिला आहे.

१९६४ च्या जानेवारीत सापेच्या परिसरात शेतकरी आणि पोलीस यांच्यात रक्तपात झाला आणि तिथे चित्रीकरण करणे अशक्य झाले. म्हणून चमू शेजारच्या पेर्नांबुको राज्यातील गालिलेया या मळ्यावर गेला. हे ठिकाणही साधे नव्हते. ऊसपट्ट्यातील पहिली शेतकरी संघटना १९५५ मध्ये इथेच उभी राहिली, आणि तिचा एक आरंभीचा हेतू असा होता की गरीब माणसाला मरणानंतर स्वतःची शवपेटी मिळावी. नगरपालिकेची धर्मादाय पेटी प्रेत खड्ड्यात उतरवून परत न्यावी लागे. जिवंतपणी जमीन नाही आणि मेल्यावर पेटीही नाही, ही गोष्ट त्या लोकांना सहन झाली नाही, आणि तिथून एक मोठे आंदोलन निर्माण झाले.

चित्रपटातील शेतकरी जेव्हा आपल्या जुन्या हालांविषयी बोलतात, तेव्हा दोन शब्द सतत कानी पडतात. पहिला ‘फोरो’, म्हणजे मालकाला वर्षाकाठी द्यायचा जमिनीचा खंड, आणि दुसरा ‘कांबांव’, म्हणजे त्याच्या शेतावर ठरावीक दिवस फुकट करायचे काम. दुसऱ्यासाठी मला शब्द शोधावा लागला नाही. आपली ‘वेठ’ तीच. पहिला मात्र ऐकल्यावर मी चमकले, कारण मुंबईच्या फोरास रोडच्या नावात तोच पोर्तुगीज ‘फोरो’ आहे. हे शेतकरी पैसे देण्यासाठी जे ‘पागार’ क्रियापद वापरतात, त्यातूनच आपल्याकडे ‘पगार’ आला. समुद्राच्या दोन टोकांना एकाच राज्यकर्त्यांनी ठेवून गेलेले हे शब्द एका उसाच्या मळ्यावरील माणसाच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा या देशाशी आपले काही नाते असल्यासारखे वाटले.

चित्रीकरण जेमतेम पस्तीस दिवस चालले. १ एप्रिल १९६४ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली, सैनिक गालिलेयात शिरले, साहित्य जप्त झाले, अनेक शेतकरी आणि चमूतील काही जण पकडले गेले. पटकथेचा सुमारे चाळीस टक्के भाग तेवढा चित्रित झाला होता. त्यातील बरीचशी फिल्म धुण्यासाठी आधीच रिओच्या प्रयोगशाळेत पाठवली होती, म्हणून ती वाचली. एलिझाबेथ आपल्या एका मुलाला घेऊन भूमिगत झाली. बाकीची मुले नातेवाइकांकडे विखुरली गेली.

पुढची सतरा वर्षे कोचिन्यो यांनी पोटापाण्यासाठी बरेच काही केले. दोन-तीन कथापट दिग्दर्शित केले, इतरांसाठी पटकथा लिहिल्या, वर्तमानपत्रात मजकूर तपासला आणि १९७५ पासून एका मोठ्या दूरचित्रवाहिनीच्या माहितीपट-विभागात नोकरी केली. या नोकरीतील १९७८ चा ‘तेओदोरिको’ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यात ईशान्येतील एक बडा जमीनदार स्वतःच आपल्या मळ्याची ओळख करून देतो, कुळांना कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारतो आणि आपले नियम अभिमानाने सांगतो. ज्या दिग्दर्शकाने एका मारल्या गेलेल्या शेतकऱ्याचा चित्रपट करायला घेतला होता, त्याने जमीनदाराचेही बोलणे न तोडता ऐकले. शेवटी त्या माणसाविषयी प्रेक्षकाला जे कळते, ते त्याच्याच शब्दांतून कळते.

१९७९ मध्ये राजकीय माफीचा कायदा झाला आणि वातावरण थोडे सैल झाले. १९८१ च्या आरंभी कोचिन्यो वाचलेली फिल्म आणि प्रक्षेपक घेऊन गालिलेयात परत गेले. संध्याकाळी मोकळ्या जागी पडदा लावून त्यांनी जुनी दृश्ये त्याच शेतकऱ्यांना दाखवली. सतरा वर्षांपूर्वीचे आपले तरुण चेहरे पाहून माणसे हसतात, एकमेकांना ओळखून नावे पुकारतात, आणि पडद्यावर असूनही आता हयात नसलेल्यांची आठवण काढतात. मी हे दृश्य किती वेळा पाहिले, याची मोजदाद ठेवलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातील एक जण लष्करी कैदेत आपल्यावर काय काय गुदरले ते सांगतो आणि ते सांगतानाही त्याचा स्वर खचलेला नसतो.

एलिझाबेथचा ठावठिकाणा तिच्या थोरल्या मुलाला माहीत होता. ती रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यातील साओ राफाएल या छोट्या गावात मार्ता या नावाने राहत होती, लोकांचे कपडे धूत होती आणि गावातल्या मुलांना शिकवत होती. शेजाऱ्यांना तिचे खरे नाव ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी ती जपून बोलते, मुलगा तिच्या शेजारी उभा राहून काय बोलावे हे सुचवत असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मात्र तिचा आवाज बदलत जातो. कॅमेरा बंद करून निघायची वेळ येते, चमू गाडीत बसतो, आणि निरोप देता देता ती अचानक जुन्या सभांतल्या वक्त्यासारखी बोलू लागते: भूक आहे आणि मजुराला पुरेसे वेतन नाही तोवर लढा थांबणार नाही. सतरा वर्षे मुकी ठेवलेली भाषा गाडीच्या खिडकीशी उभी राहून परत येते. पुढे कोचिन्यो तिच्या मुलांचा शोध घेत वेगवेगळ्या राज्यांत गेले आणि तिचा आवाज त्यांना ऐकवला. १९८४ मध्ये चित्रपट पूर्ण झाला. तोवर धरणाच्या पाण्याखाली जुने साओ राफाएल गाव नाहीसे झाले होते, आणि एलिझाबेथ आपल्या खऱ्या नावाने जगू लागली होती.

एवढ्या मोठ्या कामानंतर त्यांना लगेच सुगीचे दिवस आले असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे झाले नाही. पुढची चौदा-पंधरा वर्षे त्यांनी कमी पैशांत व्हिडिओवर काम केले. त्यात साओ गोन्सालो येथील कचरापट्टीवर वेचणी करणाऱ्या माणसांवरचा १९९३ चा लघुपट आहे. आरंभी ही माणसे चेहरे झाकून घेतात आणि आमचे हे जगणे कशाला टिपता, असे खडसावतात. कोचिन्यो तो राग चित्रपटात ठेवतात.

१९९७ मध्ये पोप रिओत आले, त्या दिवशी सुरू केलेले चित्रीकरण ‘सांतो फोर्ची’ म्हणून १९९९ मध्ये पडद्यावर आले. एका टेकडीवरील वस्तीतील माणसे आपापल्या देवांविषयी आणि अंगात येणाऱ्या आत्म्यांविषयी बोलतात. एक वृद्ध स्त्री पूर्वजन्मी आपण राणी होतो, म्हणून बेथोव्हेनचे संगीत आवडते, असे शांतपणे सांगते. तिच्या बोलण्यानंतर काही क्षण रिकामी जागा दिसते. बोलणाऱ्यांना दिलेले मानधनही पडद्यावर दिसते. नंतर दिग्दर्शक-निर्माते जुआंव मोरेरा सालेस यांचा भक्कम आधार मिळाला आणि सत्तरीच्या आसपास कोचिन्यो जवळजवळ दर एक-दोन वर्षांनी चित्रपट करू लागले. २००७ च्या ‘जोगो जी सेना’साठी त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सांगण्यासारखी गोष्ट असलेल्या स्त्रियांना बोलावले. ८३ जणी आल्या. त्यांतून निवडलेल्या काही जणींनी रिकाम्या प्रेक्षागृहाकडे पाठ करून आपापले दुःख सांगितले आणि तेच काही अभिनेत्रींनीही सांगितले. समोरची बाई स्वतःचे सांगते आहे की दुसरीचे, हे पाहणाऱ्याला ओळखता येत नाही, आणि तरीही अश्रू दोघींचे खरे वाटतात.

२ फेब्रुवारी २०१४ रोजी रिओतील राहत्या घरी, मानसिक आजार असलेल्या मुलाच्या हातून कोचिन्यो यांचा अंत झाला. ते ८० वर्षांचे होते. शाळकरी तरुणांशी बोलण्याचा त्यांचा चित्रपट तेव्हा अपुरा होता. संकलक जॉर्दाना बेर्ग आणि सालेस यांनी तो पूर्ण केला. त्याच्या आरंभी थकलेले कोचिन्यो म्हणतात की हा चित्रपट जमत नाही, लहान मुलांवर करायला हवा होता. अखेरीस सहा वर्षांची एक मुलगी त्यांच्यासमोर येऊन बसते आणि देव म्हणजे जो माणूस मेला तो, असे त्यांना सांगते.

माझ्या शेजारच्या बाईंचा आवडता चित्रपट मात्र २००४ चा ‘पियोंयस’ आहे. साओ पावलोच्या औद्योगिक पट्ट्यातील १९७९-८० चे संप करणाऱ्या, पण पुढे अनाम राहिलेल्या धातुकामगारांना कोचिन्यो यांनी त्यात शोधून काढले. त्या संपांचे पुढारी लुला हे चित्रीकरणाच्या वेळी, २००२ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. ‘पियांव’ म्हणजे हाताने राबणारा कामगार. आपल्या कचेऱ्यांतील ‘प्यून’ हा शब्द याच मुळाचा, हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्यांना फार आनंद झाला. चित्रपटाच्या शेवटी एक कामगार पियांव कोणाला म्हणतात ते समजावून सांगतो, मग बराच वेळ गप्प बसतो. कोचिन्योही गप्प असतात. मग तोच कॅमेऱ्याकडे पाहून विचारतो, “तुम्ही कधी पियांव होता का?” कोचिन्यो उत्तर देतात, “नाही.”