एजीव्ही की एएमआर? आधी फेऱ्या मोजा

कुपवाड, मिरज एमआयडीसीत माल वाहणारा रोबो घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : एजीव्ही (आखलेल्या मार्गानेच धावणारी गाडी) की एएमआर (आपली वाट आपणच शोधणारी)? आमच्या मते हा प्रश्न नंतरचा.

समजा स्टोअरपासून उत्पादनाची लाइन १२० मीटरवर आहे आणि तासाला २० बिन (सुट्या मालाचे खोके) लागतात. रोबो सेकंदाला १ मीटर धावत असला तरी वळणं आणि माणसं धरून सरासरी ०.७ पडते. जाऊन-येऊन पावणेसहा मिनिटं, चढ-उतारासह आठ. तासाला सात फेऱ्या, चार्जिंग वजा करून सहाच धरा. एकेक बिन नेणारे रोबो चार लागतील. ट्रॉल्या भरून तयार ठेवल्या, तर चार ट्रॉल्या ओढणारा एक टगर हेच काम करतो. त्याला वळायला ऐसपैस जागा मात्र हवी.

आता रस्ता. जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीमागे जाणारी एजीव्ही वाटेत पॅलेट दिसलं की थांबते. एएमआर वळसा घालते. पण ८०० मिमी रुंद रोबोला दोन्ही बाजूंना अर्धा मीटर सोडला की सरळ जायलाच १.८ मीटर लागतात. दोन मीटरच्या गल्लीत एएमआरही उभीच राहणार, तिच्या हुशारीचे पैसे वाया! मार्ग ठरलेला असेल तर एजीव्ही बिनधास्त घ्या. फक्त मशीन शॉपमध्ये चुंबकी पट्टी टाळा : बिडाची बर (कातकामाचा चुरा) तिला चिकटते, सिग्नल बिघडतो, आणि फोर्कलिफ्ट वळते तिथे पट्टी उखडते.

पॅलेटखाली शिरून उचलणारे रोबो जमिनीवर ठेवलेलं पॅलेट उचलत नाहीत. प्रत्येक पॅलेटला स्टँड लागतो, आणि तो खर्च कोटेशनमध्ये बहुधा नसतो.

हळदीच्या गोदामात खरी कसोटी. सुरक्षा स्कॅनरच्या (अडथळा दिसला की रोबो थांबवणाऱ्या सेन्सरच्या) काचेवर पूड बसली की समोर काही नसतानाही रोबो थांबतो. दर शिफ्टला मऊ ब्रशने झटकून काच पुसा. पोती फुगून खाली लोंबली की स्कॅनर त्यांनाच अडथळा समजतो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून बाहेर येताच काचेवर दव धरतं, म्हणून रोबो आतच फिरवा, माल दारात बदला. हा स्कॅनर घोट्याच्या उंचीवर एकाच पातळीत बघतो. फोर्कलिफ्टचे वर उचललेले काटे त्याला दिसत नाहीत, त्यामुळे उभ्या फोर्कलिफ्टचे काटे जमिनीला टेकलेलेच हवेत. यात सूट नको.

ट्रायल तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच सर्वांत वाकड्या पॅलेटवर, पूर्ण वजनासह आणि शिफ्ट बदलताना मागा.