माप

मंगळवार, रात्री साडेदहा

पणजीच्या बाजारात आज शिंप्याकडे गेले होते. तुळशीचं लग्न झालं की मामेबहिणीचं लग्न. माझा जुना ड्रेस सैल करायचा होता आणि लेकीला परकर शिवायचा होता. शिंप्यानं कमरेला टेप लावली तसं मी पोट आत ओढलं. "श्वास सोड गो बाय, उगाच घट्ट होईल," तो म्हणाला. सोडला. ३७ इंच. टेपच्या दुसऱ्या बाजूला ९४ सेंटिमीटर. त्यानं ड्रेस उलटा करून शिवण पाहिली. आत दीड इंच माया होती, सैल करण्यापुरतं दुमडलेलं जादा कापड.

मग लेकीची पाळी. अकरा वर्षांची काटकुळी पोर. टेप लागताच तिनंही श्वास रोखला, पोट आत ओढलं आणि आरशात बघत उभी राहिली. अगदी माझ्यासारखी. घरी येईपर्यंत मला बोलायला सुचलं नाही.

तिला हे कोणी शिकवलं नाही, तिनं बघितलं. चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीखाली सगळ्यांचा फोटो काढताना मी भाच्याला कडेवर घेऊन मागे सरकले, ते बघितलं. "कितें गो, बरीच सुटली मगो तूं," असं मावशी म्हणाल्यावर मी ताटातली नेवरी परत ठेवली, तेही बघितलं असणार.

वजन कमी करायला हवं, हे खरंच आहे. बाबांना मधुमेह आहे. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०च्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाची, रेषासुद्धा आपल्यासाठी २५ नाही, २३. तेवढ्याच वजनात आपल्या पोटावर, आतल्या अवयवांभोवती जास्त चरबी साठते आणि साखर लवकर वाढते. माझा बीएमआय २८ आहे. हे सगळं मला पाठ आहे.

पण आजवर मी चालले ती लाजेपोटी. सणात खाल्लं की दुसऱ्या दिवशी मिरामारला दीड तास, शिक्षा भोगल्यासारखी. गुडघा दुखला की आठवडाभर बंद. जूनमध्ये पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत बुटांना बुरशी. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, एवढंच तर हवं असतं. पण अर्ध्या तासानं माझी लाज फिटायची नाही, म्हणून तो मला कधी पुरेसा वाटलाच नाही.

संध्याकाळी पदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजला. कोंड्याच्या चार पोळ्या घेतल्या, आमच्याकडचा गव्हाचा पाव. एक मी चहात बुडवून खाल्ली, गरम, लेकीसमोर बसून. तिनं विचारलं, "आई, आज तुला चालते?" मी हो म्हटलं आणि मला रडू आलं.

मग दोघी कांपालच्या रस्त्यानं मांडवीच्या कडेनं अर्धा तास चालून आलो. ती सारखी पुढे पळत होती.

उद्या शिंप्याकडे परत जायचं आहे. तिच्या परकराचं माप पुन्हा घ्यायला सांगेन, श्वास सोडून. तेव्हा मी शेजारी उभी राहीन, पोट आत न ओढता.