लाँचनंतर धंद्याची घडी बसवताना

उत्पादन बाजारात आलं की पहिल्या महिन्याचे विक्रीचे आकडे छान दिसतात, आणि गफलत तिथेच होते. त्यातला बराचसा माल वितरकांच्या गोदामात आणि दुकानांच्या फळ्यांवर पडून असतो. म्हणून आम्ही आधी विक्रीचे तीन रकाने पाडले: कंपनीकडून वितरकाकडे, वितरकाकडून दुकानात, दुकानातून ग्राहकाकडे. पहिला रकाना तिसऱ्यापेक्षा सतत पुढे पळत असेल, तर माल साठतोय आणि आज ना उद्या ऑर्डरी थांबणार. उत्पादनाचं वेळापत्रक तिसऱ्या रकान्यावरूनच आखायचं.

मग फेरखरेदी. पहिल्या खरेदीच्या महिन्यानुसार ग्राहकांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातल्या १०० जणांपैकी किती पुन्हा आले ते महिन्यागणिक लिहायचं. एकूण विक्री चढती असतानाही नवे गट जुन्यांपेक्षा लवकर गळत असतील, तर जाहिरात भलत्याच लोकांपर्यंत पोचतेय किंवा मालाचा दर्जा उतरलाय. एकूण आकड्यात हे दिसतच नाही. ही गळती एका पातळीवर थांबेपर्यंत जाहिरातीचा खर्च वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे.

साठ्याचं गणित सोपं आहे, पण ते नेमकं करावं लागतं. समजा रोजचा खप ४० नग आणि नवा माल हातात यायला २१ दिवस लागतात. म्हणजे ८४० नग त्या काळातच संपणार. त्यावर २०० नगांचा राखीव साठा धरला, तर शिल्लक १,०४० वर आली की ऑर्डर द्यायची. इथे दोन गोष्टी हटकून चुकतात. खप लाँचच्या आठवड्यातला धरला जातो, आणि २१ दिवस हे मुख्य कच्च्या मालाचे असतात. बाटल्या वेळेवर येतात, झाकणं अडकतात, आणि लाइन बंद पडते. सगळ्यात उशिरा येणाऱ्या भागाचेच दिवस मोजा.

तक्रारींसाठी अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम फार उपयोगी पडतो: पडून असलेली कामं म्हणजे रोज येणारी कामं गुणिले एका कामाला लागणारे सरासरी दिवस. रोज ३० तक्रारी येत असतील आणि एक निकाली निघायला सरासरी ४ दिवस लागत असतील, तर कुठल्याही वेळी साधारण १२० तक्रारी पडून असणार. माणसं वाढवण्याआधी ते ४ दिवस कशात जातात ते बघा. बहुतेक वेळा बदली माल द्यायचा की नाही, हे ठरवायचा अधिकार कुणाला आहे तेच स्पष्ट नसतं. तक्रारीसोबत बॅच नंबर लिहून घेणं सक्तीचं करा. त्याशिवाय दोष एकाच बॅचचा आहे की रचनेतलाच, हे कळत नाही.

पैशाचं तसंच. माल ४५ दिवस साठ्यात, वसुली विक्रीनंतर ३० दिवसांनी, पुरवठादाराला माल आल्यावर २० दिवसांनी पैसे: म्हणजे ५५ दिवस आपले पैसे अडकलेले. हे दिवस तेवढेच राहून विक्री दुप्पट झाली की अडकणारी रक्कमही दुप्पट होते. नफ्यातल्या धंद्याला पगाराच्या तारखेला पैसे कमी पडतात ते यामुळे.

विक्री विभागाचा इन्सेंटिव्ह बिलावर असेल, तर वरचे सगळे तक्ते वाया जातात. महिनाअखेरीला उधारीवर माल ढकलला जातो आणि पुढच्या महिन्यात परत येतो. आम्ही इन्सेंटिव्ह वसूल झालेल्या रकमेवर मोजायला लावला आणि परत आलेला माल त्यातून वजा केला. कुरकुर झाली, पण त्यानंतर विक्रीची माणसं स्वतःहून तिसऱ्या रकान्याबद्दल विचारू लागली.